ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि तोल जाणे: ‘जपून चाल’ याच्या पलीकडे काही उपाय आहे का?

मृद्गंध
नमस्कार. माझे वय 47 असून मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत शिकवते. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते त्या आजाराचे, निदान होऊन बरीच वर्षे झाली आहेत. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, सोबत फॉलिक ॲसिड आणि अगदी कमी मात्रेत स्टेरॉइड असे उपचार चालू आहेत आणि रक्ताचे अहवालही बरे येतात. असे असूनही गेल्या वर्षभरात माझा तोल वारंवार जाऊ लागला आहे आणि काही वेळा मी प्रत्यक्ष पडलेही आहे. एकदा शाळेचा जिना उतरताना पडले, तेव्हा हातात वह्यांचा गठ्ठा होता. एकदा ओट्याकडून टेबलाकडे वळताना पाय जागच्या जागी राहिला आणि शरीर पुढे गेले. दोन्ही वेळा फरशी कोरडी होती आणि पायात काही अडकलेही नव्हते.

घरचे आणि सहकारी काळजीपोटी ‘जपून चाल, खाली बघून चाल’ असे सांगतात. परंतु पडणे हा केवळ म्हातारपणाचा किंवा वेंधळेपणाचा प्रश्न आहे, हे मला पटत नाही. तपासणीच्या वेळी बोटे, मनगटे आणि अहवाल पाहिले जातात. मी चालते कशी, हे आजवर कोणी पाहिलेले नाही. या आजारात तोल जाण्याची नेमकी कारणे कोणती असतात, आणि ज्यांना असा अनुभव आला त्यांनी काय केले, हे जाणून घ्यायचे आहे.

शतपावली
वाचून वाईट वाटले. माझ्या आईचेही गुडघे दुखत असत. आम्ही तिची घरातली ये-जा कमी केली, सगळे हातात देऊ लागलो, त्यामुळे पुढे ती पडली नाही. शक्य असेल तर शाळेत तळमजल्यावरचे वर्ग मागून घ्यावेत आणि विश्रांती वाढवावी, असे सुचवतो.

रानजाई
मृद्गंध, तुम्ही पावलांबद्दल काही लिहिले नाही, म्हणून मुद्दाम विचारते. या आजारात हाताच्या बोटांइतकेच पायाच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधेही सुजतात. माझ्या बाबतीत ते सांधे हळूहळू खाली सरकले, बोटे वर उचलली जाऊन वाकली आणि चवड्याखालची मऊ गादी पुढे सरकली. त्यामुळे अनवाणी चालताना चवड्याखाली खडे ठेवल्यासारखे वाटते. वेदना टाळण्यासाठी मी नकळत टाचेवर आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊ लागले. तोल पुढे गेल्यावर आपण बोटे जमिनीत रोवून स्वतःला सावरतो. माझी बोटे जमिनीला टेकतच नव्हती, मग सावरणार कशाने?

पुढच्या वेळी मोजे काढूनच डॉक्टरांसमोर बसा. त्यांनी विचारले नाही तरी पाय दाखवा.

पैलतीर
मी इंग्लंडमध्ये संधिवात विभागात परिचारिका आहे. मूळ धाग्यातल्या शंकेला आधार देणारे संशोधन इथे झालेले आहे. मँचेस्टरच्या संशोधकांनी इंग्लंडच्या वायव्य भागातील ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या 559 प्रौढ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या एका वर्षात एक तृतीयांशाहून अधिक जण, म्हणजे सुमारे 36 टक्के, किमान एकदा पडले. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण पासष्टी उलटल्यावर दिसते. या अभ्यासात मात्र तरुण आणि मध्यमवयीन रुग्णही होते.

वय किंवा स्त्री-पुरुष हा भेद कोण पडेल हे सांगायला उपयोगी पडला नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते. आदल्या वर्षी अनेकदा पडलेले असणे, पायांचे सुजलेले व दुखरे सांधे, थकवा आणि मेंदूवर काम करणारी औषधे यांचा संबंध अधिक स्पष्ट दिसला. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी ‘गेल्या वर्षभरात पडलात का?’ असे थेट विचारते. विचारल्याशिवाय बहुतेक जण सांगत नाहीत, कारण पडणे ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे त्यांना वाटतच नाही.

फिजिओ_सातारा
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर दोघींनी लिहिलेले अगदी योग्य आहे, त्यात शरीराच्या कार्यपद्धतीची थोडी भर घालतो.

आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर सांभाळला जातो: डोळे, आतला कान, आणि सांधे, स्नायू व तळव्याची त्वचा. घोटा किंवा गुडघा सुजलेला असला की तिसऱ्या ठिकाणाहून येणारी माहिती अपुरी पडते. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली बाब म्हणजे, गुडघ्यात पाणी भरले की मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जारज्जूतून मिळणारा आदेशच दबतो. निरोगी माणसाच्या गुडघ्यात सलाइन सोडून केलेल्या प्रयोगांतही हा परिणाम दिसला आहे. म्हणजे वेदना फारशी नसतानाही केवळ पाण्यामुळे स्नायू ऐन वेळी दगा देतो. ‘गुडघ्यातून एकदम गेल्यासारखे झाले’ असे रुग्ण सांगतात, ते पुष्कळदा हेच असते. त्यात घोट्याच्या आतल्या बाजूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) ढिला पडून पाऊल आत कलंडू लागले असेल, तर वळताना तोल जाण्याची शक्यता आणखी वाढते. मृद्गंध ताईंनी ओट्यापाशी वळतानाचे जे वर्णन केले आहे, ते वाचून मी घोटा आणि गुडघा दोन्ही तपासून पाहीन.

घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे. भिंतीच्या किंवा ओट्याच्या कडेला उभे राहून, जवळ कोणीतरी असताना, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे लागतील असे पुढे-मागे पाय ठेवा. वयस्कांच्या तपासणीत ही स्थिती 10 सेकंद टिकली नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. सूज असलेल्या दिवशी ही चाचणी करू नये.

शतपावली यांच्या सल्ल्याशी मात्र मी नम्रपणे असहमत आहे. हालचाल कमी केल्याने पडण्याचे प्रसंग काही काळ कमी होतात, परंतु मांडीचे स्नायू झपाट्याने रोडावतात आणि पुढे साधे खुर्चीतून उठणेही धोक्याचे होऊन बसते.

शतपावली
माझा अनुभव आईच्या बाबतीतला होता आणि तिला झिजेचा त्रास होता, हा फरक मान्य आहे. तरीही सांधे सुजलेले असताना व्यायाम केल्याने ते अधिक खराब होणार नाहीत का? आणि रोजचे चालणे पुरेसे नाही का?

फिजिओ_सातारा
दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सांधा गरम आणि सुजलेला असताना त्यावर भार देणारे व्यायाम थांबवतो. त्या काळात पाठीवर झोपून, गुडघ्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून, मांडी आवळून धरणे आणि सोडणे एवढेच पुरे. सूज ओसरली की पुन्हा उभ्याने सुरुवात करायची. योग्य मात्रेत केलेल्या व्यायामाने या आजारातील दाह वाढत नाही, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे.

चालणे हृदयासाठी आणि मनासाठी उत्तम आहे. परंतु तोल हे वेगळे कसब आहे आणि ते आव्हान दिल्याशिवाय वाढत नाही. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात 1990 च्या दशकात घरगुती व्यायामांचा एक क्रम तयार झाला. पायाचे स्नायू बळकट करणे आणि तोल सांभाळणे या दोन गोष्टी त्यात मुख्य होत्या, आणि त्याने वृद्धांमधील पडण्याचे प्रसंग सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले. ते अभ्यास सर्वसाधारण वृद्धांवर झालेले आहेत, त्यामुळे तो आकडा या आजाराला जसाच्या तसा लावणार नाही. पण तत्त्व तेच ठेवून मी व्यायाम देतो. ओट्याला हात लावून बाजूला पावले टाकणे, हळूहळू आधार दोन बोटांवर आणणे, उंच खुर्चीतून हात न टेकता उठणे. टाचा उचलण्याचा नेहमीचा व्यायाम चवडे दुखणाऱ्यांना जमत नाही, म्हणून तो बसून आणि बूट घालूनच करून घेतो. वेळही महत्त्वाची आहे. सकाळचा आखडलेपणा ओसरल्यावर, गरम पाण्याने अंघोळ झाल्यानंतर व्यायाम करावा. पहाटे उठल्या उठल्या नव्हे.

गोदाकाठ
मी नाशिकला औषधविक्रेता आहे. पैलतीर यांनी औषधांचा उल्लेख केला, त्यावर थोडे लिहितो. झोपेच्या गोळ्या, मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिली जाणारी प्रीगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन, रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या, यांतली प्रत्येक गोळी वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या कारणासाठी दिलेली असते. रुग्ण रात्री लघवीसाठी उठतो, तेव्हा त्या सगळ्यांचा परिणाम एकत्र होतो. घेत असलेल्या सर्व औषधांचे पाकीट एका पिशवीत भरून संधिवाततज्ज्ञांकडे न्यावे, असे मी ग्राहकांना आग्रहाने सांगतो.

स्टेरॉइडबद्दल विशेष सावध राहावे. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास मांडी व खुब्याजवळचे स्नायू दुबळे होतात. हे वाचून कोणी घाबरून गोळी परस्पर बंद केली, तर तेही तितकेच धोक्याचे आहे. शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असल्यामुळे रक्तदाब एकाएकी उतरून चक्कर येऊ शकते, प्रसंगी जिवावर बेतते. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनेच.

सह्यकडा
माझ्या पत्नीला हा आजार आहे. आमचे घर चिपळूणजवळ आहे, जुने, चिऱ्याचे, प्रत्येक खोलीला उंबरठा असलेले. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते. तिच्या पडण्यानंतर आम्ही घराकडे तिच्या पावलांच्या उंचीवरून पाहिले. जिन्याला एकाच बाजूला कठडा होता, दुसऱ्या बाजूला लाकडी दांडा बसवला. तो जाड ठेवला, कारण तिची मूठ पूर्ण वळत नाही आणि बारीक नळी तिला धरताच येत नाही. न्हाणीघरात पाटावर बसून अंघोळ करण्याची सवय होती. पाटावरून उठणे हाच सर्वांत अवघड क्षण होता, म्हणून रबरी बुडाचे उंच स्टूल आणले. साबण जमिनीवरून उचलावा लागू नये म्हणून तो जाळीत घालून नळाला टांगला. दारातली सुटी पायपुसणी काढून टाकली.

उंबरठे काढायला आईंचा विरोध होता आणि त्यांच्या भावनेचा मान राखणे आम्हाला आवश्यक वाटले. शेवटी उंबरठ्यांच्या कडांना पिवळा रंग दिला आणि बाजूला भिंतीत धरायला कडी बसवली.

चाफेकळी
सह्यकडा, जाड दांड्याची सूचना फार मोलाची आहे. पादत्राणांविषयी मला लिहायचे आहे. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढतात आणि घरात अनवाणी वावरतात. ज्यांचे चवडे बिघडले आहेत त्यांनी ही रीत आजारासाठी बाजूला ठेवावी आणि घरातच वापरण्याचा वेगळा जोड ठेवावा. मऊ रबराच्या एमसीआर चपला चवड्याला आराम देतात, पण मागचा पट्टा नसलेली चपल पायातून सुटते आणि ती टिकवण्यासाठी बोटे आखडावी लागतात. म्हणून मागे पट्टा असलेली, वेल्क्रोने बंद होणारी आणि पुढे बोटांना रुंद व उंच जागा असलेलीच घ्यावी. दुपारनंतर पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा मापे द्यावीत.

देवळात आणि कार्यात जमिनीवर बसण्याचा आग्रह होतो, तिथे खुर्ची मागताना मला आता संकोच वाटत नाही. पंगतीतून उठताना कोणाच्या तरी हाताला लोंबकळण्यापेक्षा ते बरे.

निर्झर
आमच्या ओळखीच्या एकांना ॲक्युप्रेशरच्या काटेरी पट्ट्यावर रोज उभे राहिल्याने पायांची जाणीव सुधारली असे ते सांगतात. सकाळी दवात अनवाणी चालण्याचाही लाभ होतो म्हणतात. कोणी करून पाहिले आहे का?

डॉ_अश्वत्थ
निर्झर, या आजारात हा प्रयोग करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. बिघडलेल्या चवड्यावर कठीण टोकांचा दाब आला की जखम होते, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ती जखम चिघळण्याचा धोका अधिक असतो. पायांची जाणीव कमी झाली असेल तर आधी कारण शोधायला हवे. शाकाहारी घरांत बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती वाढते, आणि तिच्यामुळे पायांची स्थिती मेंदूला कळेनाशी होते. अशा व्यक्तीचा तोल अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर जातो. साध्या रक्ततपासणीत हे समजते आणि उपचारही सोपा आहे.

या धाग्यावर अजून न आलेली एक गोष्ट मला काळजीपूर्वक सांगायची आहे. दीर्घकाळच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा सैल होऊ शकतो आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मानेपासून डोक्याच्या मागच्या भागात जाणारी वेदना, हातापायांत मुंग्या, बटणे लावताना हात नव्याने अडखळणे, पाय जड किंवा ताठ वाटणे, लघवीवरचे नियंत्रण सुटणे, यांपैकी काहीही असताना तोल जाऊ लागला असेल, तर तोलाचे व्यायाम सुरू करू नयेत आणि मानेचे मालिश तर मुळीच करून घेऊ नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे आणि लक्षणे झपाट्याने वाढत असतील तर त्याच दिवशी.

रानजाई
डॉक्टर, मानेविषयी लिहिल्याबद्दल मनापासून आभार. इतकी वर्षे आजार असूनही हे मला कोणी सांगितले नव्हते.

मला भीतीबद्दलही लिहायचे आहे. पडल्यानंतर हाड मोडले नाही, पण मी भाजी आणायला जाणे सोडले. एसटीची पहिली पायरी उंच असते म्हणून माहेरी जाणे सोडले. चालताना पावले छोटी आणि ताठ पडू लागली, नजर सतत जमिनीला खिळलेली. फिजिओथेरपिस्टनी दाखवून दिले की अशा ताठ चालीने तोल अधिकच बिघडतो आणि पायाशी बघत राहिल्याने समोरून येणारा माणूस दिसत नाही. चार-पाच पावले पुढे नजर ठेवायला त्यांनी शिकवले. म्हणून ‘खाली बघून चाल’ या सल्ल्याला माझाही विरोध आहे. माणूस पडेल या काळजीने त्याचे जगणे आक्रसून टाकणे हाही अपघातच आहे.

पैलतीर
हाडांचा मुद्दा गोदाकाठ यांनी ओझरता मांडला, तो पुढे नेते. फ्रॅक्स नावाचे हाड मोडण्याचा दहा वर्षांतील धोका काढण्याचे साधन शेफील्ड विद्यापीठाने 2008 मध्ये उपलब्ध करून दिले. त्यात ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा स्वतंत्र प्रश्न आहे, कारण स्टेरॉइड घेतले नाही तरी या आजारामुळे हाडे विरळ होतात. पण व्यक्ती आधी किती वेळा पडली आहे, हे ते मूळ साधन विचारत नाही. म्हणून वारंवार पडणाऱ्या व्यक्तीचा खरा धोका त्या आकड्याहून जास्त धरावा. मृद्गंध, स्टेरॉइड चालू आहे आणि पडण्याचा इतिहास आहे, तेव्हा हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीबद्दल नक्की विचारा.

मृद्गंध
सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कोणी उत्तर देईल असे वाटले नव्हते. रानजाई यांच्या सांगण्यावरून पावले नीट पाहिली. डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटे जमिनीला खरोखरच टेकत नाहीत, आणि उभी राहिले की डावा घोटा आत झुकतो. मानेची लक्षणे नाहीत. पुढच्या तपासणीला पाय दाखवणार आहे, आणि डेक्सा व बी-12 यांच्याविषयी विचारणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलून वह्या वर्गातल्या कपाटातच ठेवण्याची व्यवस्था करून घेतली आहे, म्हणजे जिन्यात दोन्ही हात मोकळे राहतील. वरच्या मजल्यावरचा वर्ग मात्र मी सोडणार नाही.

आता एकच प्रश्न उरतो. शाळेच्या पटांगणावर वापरण्यासाठी काठी घ्यावी असे मनात आहे, पण उजवे मनगट ताठ झाले आहे आणि भार दिला की दुखते. अशा वेळी काय करतात?

फिजिओ_सातारा
काठी नेहमी अधिक त्रास असलेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. तुमचा डावा पाय अधिक बिघडलेला असल्याने ती उजव्या हातात येते, आणि नेमके तेच मनगट दुखरे आहे. पहिला पर्याय म्हणजे तळहाताच्या आकाराची रुंद मूठ असलेली काठी, जिच्यात भार पूर्ण पंजावर पसरतो, आणि सोबत मनगटाला पट्टा. ते जमले नाही तर कोपरापासून पुढचा हात आडव्या गादीवर टेकवून चालण्याची कुबडी मिळते. तिच्यात मनगटावर जवळजवळ भार येत नाही. साध्या काठीची उंची ठरवताना बूट घालून, हात सैल सोडून उभे राहा. मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यायला हवी. बुडाचे रबर झिजले की लगेच बदला.

पडल्यानंतर उठण्याची पद्धतही आताच शिकून घ्या. लगेच धडपडून उठू नये. आधी कुठे दुखते ते पाहावे. मग कुशीवर वळून, तळहातांऐवजी कोपरांपासून पुढच्या हातांवर भार देत गुडघ्यांवर यावे, जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत सरकावे आणि बरा पाय पुढे रोवून वर यावे. गुडघे टेकवत नसतील तर बसल्या बसल्या मागे सरकत जिन्याच्या पायरीशी जाऊन एकेक पायरी वर बसत उठता येते. हे प्रथम गादीवर, कोणाच्या तरी सोबतीने करून पाहावे.

पाणवठा
उशिरा लिहीत आहे, पण धागा वाचून राहवले नाही. माझ्या वडिलांना हाच आजार असून पुढच्या महिन्यात गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. मान अधूनमधून दुखते, पण आम्ही त्याकडे उशीचा त्रास म्हणून पाहत होतो. डॉ_अश्वत्थ, याचा शस्त्रक्रियेशी काही संबंध येतो का?

डॉ_अश्वत्थ
येतो. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मान मागे वाकवावी लागते, आणि तो सांधा सैल असेल तर ते धोक्याचे ठरते. वडिलांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि मान दुखते, हे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आजच कळवा. मान पुढे व मागे वाकवून एक्स-रे काढायचा का, हे ते ठरवतील. तो काढतानाही वडिलांनी मान स्वतःच, जमेल तितकीच वाकवावी. दुसऱ्या कोणी ती धरून वाकवू नये. एक्स-रे पाहून भूल कोणत्या प्रकारे द्यायची हेही ते आधीच ठरवू शकतील.